नागदत्ताची ओळ

डिसेंबर लागला की माझी पायपेटी रुसते. पायपेटी म्हणजे पायाने भाता मारायची ती मोठी पेटी; संगीत नाटकात रंगमंचाच्या खाली, पहिल्या रांगेच्या पुढ्यात बसून वाजवतात ती. एरवी वर्षभर शहाण्यासारखी वागते, पण नाशिकची थंडी पडली की हिच्या सुरांना कफ होतो. पट्टी दाबली की आधी नुसता वारा येतो आणि मग जरा वेळाने, उपकार केल्यासारखा, सूर येतो. मीही आता तशीच झाले आहे. सकाळी कुणी बोलायला आलं तर आधी घशातून हवाच बाहेर पडते. त्यामुळे आमचं दोघींचं बरं जमतं.

या दिवसांत इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत उजाडल्यावरही बराच वेळ दिवे चालू असतात. कानटोप्या घातलेली पोरं शाळेच्या रिक्षात कोंबली जातात, त्यांच्या आया दारात गाऊनवर शाली घेऊन उभ्या असतात. वारा शहराबाहेरून असला तर द्राक्षबागांवर मारलेल्या औषधाचा वास थेट गच्चीपर्यंत येतो. शेजारच्या वहिनी लगेच खिडक्या लावून घेतात. मी लावत नाही. तो वास आला की मला तालमी आठवतात. आमच्या हौशी मंडळाचं नाटक याच दिवसांत बसायचं, आणि एखाद्या हॉलमध्ये शाली, मफलर, स्टोव्हवरचा गवती चहा, भाजलेले शेंगदाणे आणि भांडणं असा सगळा संसार महिनाभर मांडलेला असायचा.

मला हा ऋतू आता आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. पूर्वी फार आवडायचा. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका थंडीने तो माझ्यापासून काढून घेतला, आणि आता दरवर्षी ती एकच थंडी परत परत येते. बाकीच्या हिवाळ्यांत काय घडलं हे मला आठवतसुद्धा नाही.

यंदा तर तिने फोनच केला. म्हणजे फोन मृण्मयीचा होता. ही मुलगी नाटक करते, डोळ्यांवर मोठा चष्मा, बोलणं एकदम फास्ट. म्हणाली, “मॅडम, आम्ही ‘संगीत शिलारेखा’ करतोय. पेटीवर तुम्हीच हव्यात. आणि तो शेवटचा सीन आम्ही ओरिजिनलसारखाच ठेवणार. ती एकटी उभी राहून दोघांच्या ओळी गाते ना, तो. काय भन्नाट आयडिया आहे हो! कोणाची होती?”

“कोणाचीच नव्हती,” मी म्हटलं.

तिला वाटलं मी विनय दाखवते आहे. विनय हा माझा गुण कधीच नव्हता, पण नव्या ओळखीत लोकांना हे कळायला वेळ लागतो.

‘शिलारेखा’ लिहिलं होतं आमच्या वाघ सरांनी, आणि बसवलंही त्यांनीच. वाघ सर इतिहासाचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यभराचा इतिहास आमच्या मंडळावर मोकळा सोडला. नाटकातला काळ दोन हजार वर्षांपूर्वीचा, पांडवलेण्यांच्या डोंगरात अजून छिन्नीचे घाव पडत होते तेव्हाचा. खाली गावात विणकरांची श्रेणी, म्हणजे त्यांचा संघ, आणि त्या संघाच्या प्रमुखाची मुलगी विशाखा. श्रेणीचा नियम असा की मुलगी बाहेर द्यायची नाही. आणि ही प्रेमात पडते ती लेण्यात काम करणाऱ्याच्या. सरांच्या पहिल्या खर्ड्यात तो नायक तरुण भिक्खू होता.

विशाखा करणार होती माझी विद्यार्थिनी उज्ज्वला साळवे. शाळेत असल्यापासून माझ्याकडे गाणं शिकायची. तिचे वडील सरकारी कचेरीत क्लार्क होते; घरात बुद्धवंदना नेमाने होई, भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट होतं आणि कपाटाची किल्ली फक्त त्यांच्याकडे असे. पहिल्या वाचनाच्या दुसऱ्या दिवशी ते हॉलवर आले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत जाड पुस्तक.

“वाघ सर,” ते शांतपणे म्हणाले, “भिक्खू लेण्यात कशासाठी राहायचे हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. तुम्ही त्याला प्रेमात पाडणार, आणि समोर माझी मुलगी उभी राहणार. हे मला पटत नाही. तुम्हाला पटतंय का, तेवढं सांगा.”

वाघ सरांचा चहा हातातच निवला. तिसऱ्या दिवशी नायक पाथरवट झाला होता. नाव नागदत्त. नाटक त्यामुळे सुधारलं, हेही खरं. मग साळवे साहेब रोज संध्याकाळी येऊ लागले आणि पाली शब्दांचे उच्चार सगळ्यांकडून घोटून घेऊ लागले. मला त्यांचा राग धरता आला असता तर पुढचं सगळं किती सोपं झालं असतं. पण तो माणूस भला होता, आणि आजही माझं त्यांच्याबद्दल तेच मत आहे.

नागदत्त मिळता मिळेना. आमच्या मंडळातले सगळे गाणारे पुरुष चाळिशी ओलांडलेले आणि पोट सुटलेले. असल्या माणसाने हातात छिन्नी धरली तर तो नारळ फोडायला आला आहे असं वाटायचं. तेव्हा सरांनी कुठल्याशा कॉलेजच्या गॅदरिंगमधून काशिनाथ भोयेला शोधून आणलं.

काशिनाथ पेठच्या पलीकडचा, डोंगरातल्या एका पाड्यावरचा. नाशकात डी.एड. करत होता, हॉस्टेलला राहायचा. भाताची कापणी आटोपली की त्याचे आई-वडील गावच्या इतर माणसांबरोबर खाली उतरायचे, नाशिकच्या द्राक्षबागांत घडांची थिनिंग करायला, म्हणजे दाटीतले मणी खुडायला, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत वर जायचे. हा रविवारी त्यांना भेटून यायचा तेव्हा त्याच्या स्वेटरला तोच औषधाचा वास असायचा. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, “गाणं कुणाकडे शिकलास?”

“कुणाकडं नाय,” तो म्हणाला. “आमच्याकडं बोहाडा अस्तो. त्याच्यात गातो.”

बोहाडा मी पाहिलेला नव्हता. त्यानेच सांगितलं, उन्हाळ्यात गावात मुखवटे चढवून एकेक सोंग नाचत येतं, देवाचं, राक्षसाचं, आणि नाचून जातं. मी मान डोलावली आणि विसरले. माझं लक्ष त्याच्या आवाजाकडे होतं. उघड्यावर गाऊन कमावलेला आवाज होता तो. चार भिंतींत मावत नसे. मी त्याला सारखं म्हणायची, “अरे, हळू! पलीकडचा डोंगर नाहीये इथे, वाघ सर बसलेत.” मग तो हसायचा आणि आवाज खाली आणायचा. त्याच्या खालच्या सुरांत एक खरखर होती. नाटक उभं राहणार होतं ते त्या खरखरीवर.

शेवटच्या अंकात श्रेणी नागदत्ताला गावाबाहेर काढते. तो विशाखाचा निरोप घेतो आणि डोंगराकडे निघून जातो. त्या प्रवेशातलं दोघांचं गाणं मिश्र पिलूत बांधलेलं होतं. चाल माझी, शब्द सरांचे. त्याची ओळ खाली, जवळजवळ बोलल्यासारखी: ‘दगडास मी दिले डोळे, मजला दिसेना वाट गे.’ मग माझा पेटीवर एक छोटा तुकडा, आणि वर तिची ओळ: ‘धाग्यास मी दिल्या गाठी, माझीच सुटली गाठ रे.’ कागदावर वाचलं तेव्हा मला ते जरा बाळबोध वाटलं होतं. त्या दोघांनी पहिल्यांदा एकत्र म्हटलं तेव्हा हॉलमध्ये शेंगदाणे खाणारे हात थांबले.

ते दोघं एकमेकांच्या प्रेमात पडले हे आम्हा सगळ्यांना त्यांच्या आधी कळलं. तालीम संपल्यावर उज्ज्वलाला नेमकी तीच जागा परत घोटायची असायची आणि काशिनाथची हॉस्टेलची बस नेमकी तेव्हाच चुकायची. माझ्या घरी शिकवणीला दोघं येऊ लागले. मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले की बाहेरचं गाणं बंद पडायचं, आणि मी मुद्दाम कपबशा वाजवत बाहेर यायची. मला फार मजा वाटायची त्याची. असं वाटायचं की गाण्यातलं दुःख हे दोघं खोटं खोटं म्हणतायत आणि त्याच्याआड मजेत आहेत.

साळवे साहेबांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत, मारलं नाही, तालीम बंद केली नाही. त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “मॅडम, पोरगा चांगला आहे. माझं त्याच्या जातीशी भांडण नाही, कुणाच्याच जातीशी नाही. पण त्याची नोकरी वर डोंगरातच लागणार. आमच्या तीन पिढ्या गावाबाहेरून शहरात यायला घासल्या. माझी आई डोक्यावर हंडे वाहून गेली. मी माझ्या मुलीला परत हंड्याखाली देऊ? आणि त्याच्या घरचे तिला आपली म्हणतील? वर गेलेला माणूस परत येत नाही मॅडम, आला तरी वेगळा होऊन येतो.”

मग त्यांनी मुलीला एवढंच सांगितलं, की त्याने आपल्या घरी विचारावं आणि परत येऊन माझ्यासमोर उभं राहावं, मग बघू. त्यांच्यासारख्या माणसाने एवढं म्हणणं म्हणजे दार अर्धं उघडणंच होतं. ठरलं असं, की प्रयोग झाल्यावर दुसऱ्या दिवशी काशिनाथ गावी जाणार, थोरल्या काकाशी बोलणार आणि परत येणार. तेव्हा त्याच्याकडे मोबाइल नव्हता, पाड्यावर फोन नव्हता. माझ्या स्वयंपाकघरात, मी आलं किसत असताना, उज्ज्वलाने त्याला विचारलं, “येशील ना परत?”

“येईन.”

“नक्की?”

“येईन म्हंटलं ना.”

एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून तिचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर उभं होतं, आणि हे तिच्या वडिलांना, मला आणि तिला तिघांनाही ठाऊक होतं. त्याला किती ठाऊक होतं हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

प्रयोगाच्या दिवशी थंडी मरणाची होती. नाट्यगृहात लोक मफलर गुंडाळून बसले होते आणि टाळ्या हातमोज्यांतून वाजत होत्या. मेकअपच्या खोलीत दाढीमिश्या चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास, गोणपाटाला थर्मोकोल चिकटवून केलेली लेणी, सरांची रक्तदाबाची गोळी. शेवटच्या रांगेत काशिनाथचे आई-वडील बसले होते. बागेतून थेट आलेले, त्यामुळे त्याच कपड्यांत. टाळ्या केव्हा वाजवायच्या हे शेजारच्यांकडे बघून ठरवत होते. साळवे साहेब मधल्या रांगेत.

निरोपाचं गाणं झालं. नागदत्ताने शेवटची ओळ म्हटली, पाठ फिरवली आणि डावीकडच्या विंगेत गेला. मग कुणीतरी मागून ओरडलं, “वन्स मोअर!” आणि मग सगळं थिएटरच ओरडू लागलं.

आता ज्यांनी संगीत नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गाणं रंगलं आणि वन्स मोअर आला, की ते गाणं परत म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. मग पात्र मेलेलं असो की गावाबाहेर गेलेलं असो, ते मुकाट्याने परत येतं, जागेवर उभं राहतं, पुन्हा गातं आणि पुन्हा मरतं किंवा जातं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तालमीत हे कुणी शिकवत नाही, कारण तालमीत प्रेक्षक नसतात. आणि आम्हा जुन्या लोकांना हे इतकं अंगवळणी पडलेलं, की काशिनाथला ते सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी नेहमीप्रमाणे सुरुवातीचे सूर परत वाजवले. डावीकडच्या विंगेकडे बघितलं. माझ्या जागेवरून विंगेतलं दिसत नाही, नुसता काळा पडदा दिसतो. तो आला नाही. मी तुकडा पुन्हा घेतला. वन्स मोअर चालूच होता. तबलजी माझ्याकडे बघायला लागला. रंगमंचावर उज्ज्वला एकटी उभी होती आणि तीही तिकडेच बघत होती. मी तुकडा तिसऱ्यांदा घेतला.

आणि मग तिने त्याची ओळ म्हटली. ‘दगडास मी दिले डोळे.’ त्याच्याच पट्टीत, खाली, जिथे तिचा आवाज जेमतेम पोचत होता. सूर कुठे लागत होता, कुठे नुसता श्वास येत होता. मग वर जाऊन स्वतःची ओळ म्हटली. पुन्हा खाली त्याची, पुन्हा वर तिची. सगळं गाणं तिने असं एकटीने संपवलं. मी मान वळवून पाहिलं, पुढच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. शेवटच्या रांगेत काशिनाथची आई दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती, रडत नव्हती, घाबरली होती. ते मला दिसलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

एवढ्या टाळ्या आमच्या मंडळाला कधी पडल्या नव्हत्या. सगळ्यांना वाटलं ही दिग्दर्शकाची कल्पना. वाघ सरांनी आधी एकदा म्हटलं की तसं काही नव्हतं, मग नाही म्हणायचं सोडून दिलं. त्या क्षणी मात्र मला कल्पना वगैरे काही सुचत नव्हतं. पडदा पडल्यावर मी विंगेत धावले तोपर्यंत काशिनाथ मागच्या दाराने आई-वडिलांबरोबर निघून गेला होता.

घरी जाताना रिक्षात साळवे साहेब मुलीला म्हणाले, “सगळं थेटर बोलावत होतं, उज्ज्वला. तो आला नाही.” त्यावर त्यांनी काही जोडलं नाही, आणि गरजही नव्हती. काशिनाथ आठवड्याभराने खाली आला. घरच्यांना पटवून आला होता, हे मला नंतर समजलं. साळवे साहेबांनी त्याला दारातून आत बोलावलं, पण उज्ज्वला खोलीतून बाहेर आली नाही. तो थोडा वेळ खुर्चीत बसला, पाणी प्याला आणि गेला. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मुलगा मालेगावचा, शिक्षक, वळणाचा, चांगला. लग्नात मी पोटभर जेवले आणि घरी येऊन पेटीवर डोकं ठेवून रडले.

तेव्हापासून थंडीत एक गोष्ट होते. संध्याकाळी मी आपली पेटी घेऊन बसते, काहीही वाजवत असते, आणि बोटं कधी त्या तुकड्यावर जातात कळत नाही. तुकडा संपतो आणि मी थांबते. त्याची ओळ यायची असते. घरात कुणी नसतं, हे मला पक्कं माहीत असतं, तरीही मी थांबते. कधी कधी तर ती खरखर ऐकू येते, खाली, अगदी जवळून. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण शाल ओढून घेते, दिवा मोठा करते, आणि परत तो तुकडा वाजवायला लागते. भीती वाटते आणि तरी मी ते टाळत नाही, असं आहे.

मृण्मयीने हट्ट धरला की जुन्या कलाकारांना बोलवायचं. म्हणून मी गेल्या पंधरवड्यात काशिनाथला फोन लावला. तो आता पेठच्या बाजूला एका शाळेत मुख्याध्यापक आहे. काही ट्रेनिंगसाठी नाशकात येणारच होता. दुपारी घरी आला. केस पिकलेत, दोन मुलांचा बाप आहे, हातात नागलीच्या पापडांची पिशवी. तुझी बायको काय करते, पावसात शाळा गळते का, असं सगळं विचारून झालं. मग मला राहवेना.

“काशिनाथ, त्या दिवशी का आला नाहीस रे परत?”

तो पायपेटीकडे बघत राहिला. “बाई, मी विंगेतच होतो.”

“काय?”

“तिनं गाणं पुरं केलं तवर तिथंच उभा होतो. पडद्याला धरून.”

मग त्याने सांगितलं. त्यांच्या गावात, बोहाड्यात सोंग एकदा नाचून गेलं की त्या रात्री ते परत आणत नाहीत. कितीही लोकांनी हाका मारल्या तरी नाही. त्याच्या आज्याने त्याला मुखवटा पहिल्यांदा दिला तेव्हाच बजावलं होतं: गेलेलं परत बोलावलं, तर मग ते जात नाही, घरात राहतं.

“नागदत्त निरोप घेऊन गेला, ते सोंग होतं,” काशिनाथ म्हणाला. “एकदा केलं, सोडून दिलं. पण लोकांच्या हाकेवर परत जायचं आणि तिला परत सांगायचं, जातो म्हणून? मला वाटलं, दुसऱ्यांदा बोललो तर ते खरं होईल. आमच्यावरच येईल. तिच्यासाठीच थांबलो, बाई. माझी आई पण लय घाबरली होती, म्हणून तिला घेऊन लगेच निघालो.”

“मग तिला सांगितलं का नाहीस? तिच्या घरी गेला होतास ना?”

“काय सांगायचं? साळवे साहेबांच्या समोर, त्या पुस्तकांच्या कपाटाखाली बसून? सोंगाला भ्यालो म्हणून? लाज वाटली.” त्याने पिशवी माझ्या हातात दिली. “प्रयोगाला नाय येणार मी. तेवढं सांगा त्या मुलीला.”

तो गेल्यावर मी पापड डब्यात भरले आणि डबा कुठे ठेवला ते विसरले. इतकी वर्षं मी त्याला मनातल्या मनात भेकड म्हणत आले होते. आता मला त्याची कीव येत होती आणि रागही येत होता, आणि दोन्हींतलं खरं कुठलं ते ठरवता येत नव्हतं. प्रेमापायी माणूस किती जवळ उभा राहतो आणि तरी पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. रात्री मी पेटीला हात लावला नाही.

परवा रविवारी उज्ज्वला मालेगावहून आली. तीही शाळेत शिकवते, गाणं सोडलं आहे. ती खालची ओळ कशी म्हणायची हे आता विशाखा करणाऱ्या नव्या मुलीला दाखवायला मृण्मयीने तिला बोलावलं होतं. त्या दोघी यायला वेळ होता. बाहेर ऊन पडलं होतं, आम्ही गच्चीवर सतरंजी टाकून बसलो. तिने सोबत आणलेले बोरं-पेरू मध्ये ठेवले होते. तिचे वडील गेले त्याला चार वर्षं झाली. त्यांच्या कपाटाची किल्ली आता तिच्याकडे असते, असं ती सांगत होती.

सांगावं की नाही याचा मी आठवडाभर विचार केला होता. शेवटी सांगितलं. “काशिनाथ येऊन गेला. त्या दिवशी तो विंगेतच उभा होता गं.”

“मला माहीत आहे,” उज्ज्वला म्हणाली.

मी हातातला पेरू खाली ठेवला.

“पाथरवट म्हणून त्याच्या पायांना सफेदा फासला होता ना. काळ्या पडद्याखाली ते पाय दिसत होते मला, सगळा वेळ. मी त्याच्या ओळी कुणासाठी म्हटल्या असं वाटतं तुम्हाला? लोकांसाठी? त्याला ऐकू जावं, त्याला राहवू नये, त्याने यावं म्हणून म्हटल्या. तो इतक्या जवळ होता आणि आला नाही. दूर गेला असता तर मी वाट बघितली असती, बाई. आयुष्यभर बघितली असती.” तिने एक बोर उचललं आणि परत ठेवलं. “काही कारण सांगितलं त्याने?”

मी सगळं सांगितलं. आज्याचं, मुखवट्याचं, घरात राहणाऱ्या सोंगाचं, लाजेचं. ती ऐकत होती तेव्हा तिचा चेहरा मला बघवला नाही, म्हणून मी खाली रस्त्याकडे बघत बोलले. सांगून झालं. खाली भाजीवाला ओरडत गेला.

“म्हणजे त्याला येता येत नव्हतं,” ती म्हणाली.

“हो.”

“मग मी जायचं होतं. मला कुठे बंदी होती? विशाखा तर अजून उभीच होती तिथे. चार पावलांवर होता तो. सगळ्यांसमोर सरळ विंगेत जायचं, त्याचा हात धरायचा.” तिचा आवाज खाली गेला, त्या ओळीइतका खाली. “सगळे त्याला बोलावत होते. मीही बोलावत होते. मी तिकडे जाऊ शकते, हे मला सुचलंच नाही. मी आपली उभी राहून गात राहिले.”

तिने डोळे पुसले नाहीत. इतक्यात खालून बेल वाजली. मृण्मयी आणि ती नवी मुलगी आल्या होत्या. आम्ही खाली उतरलो. मी पेटीवर बसले, नव्या मुलीने घसा साफ केला, मृण्मयीने मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि उज्ज्वलाला म्हणाली, “मॅडम, वन्स मोअर आला की ही नागदत्ताची ओळ नेमकी कुठून उचलायची, तेवढं दाखवा.”

“उचलायची नाही,” उज्ज्वला म्हणाली. “वन्स मोअर आला की तिने गायचं नाही. वळायचं आणि त्याच्या मागे विंगेत निघून जायचं.”

“पण मॅडम, ओरिजिनलमध्ये तर...”

“ओरिजिनलमध्ये चुकलं होतं.”

मृण्मयीला काही कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली. “मग परत गाणार कोण? स्टेजवर कुणीच नाही उरणार.”

“नको उरायला,” उज्ज्वला म्हणाली. “लोकांना ओरडू दे. बाई वाजवतील.”